आकाशांतील दोरी आणि जमिनीवरील गारुडी

हिंदुस्थानांतील गारुड्यांच्या खेळांविषयीं बोलणें निघालें कीं चारचौघांपैकीं कोणीतरी दोरीच्या खेळाची गोष्ट काढतोच. गारुडी उघड्या मैदानांत येतो, झोळींतून दोरीचें वेटोळें काढतो आणि त्याचें एक टोंक वर फेंकतो. दोरी खालीं न पडतां काठीसारखी ताठ उभी राहते व तिचें टोंक दृष्टीच्या पलीकडे जातें. गारुड्याचा पोऱ्या तिच्यावरून सरसर चढतो आणि दिसेनासा होतो. गारुडी हांका मारतो. पोऱ्या उत्तर देत नाहीं. तेव्हां तोहि संतापून सुरी दांतांत धरून वर जातो, आणि थोड्याच वेळानें वरून पोऱ्याचे हात, पाय, धड, मस्तक असे एकेक अवयव जमिनीवर पडूं लागतात. शेवटीं गारुडी खालीं उतरतो, ते अवयव टोपलींत भरतो, वर कापड टाकतो, कांहीं पुटपुटतो आणि पोऱ्या हंसत बाहेर येतो. ही गोष्ट आम्हीं लहानपणापासून अनेकांच्या तोंडून ऐकिली. परंतु सांगणाऱ्यास "आपण हा खेळ स्वतः पाहिला काय?" असें विचारलें म्हणजे उत्तर बहुधा एकच मिळे: आपण नाहीं पाहिला, पण अमक्याच्या चुलत्यानें पाहिला होता. त्या चुलत्याची गांठ आम्हांस अद्याप पडलेली नाहीं.

दोरी कशी उभी राहिली हें सांगण्याचा या लेखाचा हेतु नाहीं. कारण गोष्टींतल्याप्रमाणें ती कधीं उभी राहिली असें मानण्यास पुरावाच मिळत नाहीं. गोष्ट मात्र उभी राहिली, आणि कोणत्याहि दोरीपेक्षां उंच गेली. ती कोणीं उभी केली, तिला आधार कशाचा मिळाला, आणि साऱ्या जगाचे डोळे वर लागले असतां खालीं जमिनीवर कोण दुर्लक्षित राहिला, याचा इतिहास मात्र पाहण्याजोगा आहे.

या कल्पनेचें मूळ शोधूं गेल्यास तें आपल्याकडे फार जुन्या ग्रंथांत सांपडतें, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यांत शंकराचार्यांनीं ढालतलवार घेऊन सूत्रावरून आकाशांत चढणाऱ्या मायाव्याचा दृष्टांत दिला आहे. गौडपादांच्या मांडूक्यकारिकांवर आचार्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या भाष्यांत तर सगळाच प्रसंग आहे: मायावी आकाशांत सूत्र फेंकतो, शस्त्रें घेऊन त्यावर चढतो, दृष्टिआड होतो, युद्धांत त्याचे तुकडे होऊन ते खालीं पडतात, आणि तो पुन्हां उठून उभा राहतो. आचार्यांचा मुद्दा असा कीं, सूत्रावर चढणारा तो खरा नव्हे. खरा मायावी त्या वेळीं जमिनीवरच उभा असतो आणि मायेनें झांकलेला असल्यामुळें दिसत नाहीं.

हा आधार दाखवून आपल्यांतील कित्येक अभिमानी गृहस्थ हा खेळ प्राचीन काळीं घडत असे असें सिद्ध झालें म्हणून सांगतात. आमच्या मतें यावरून इतकेंच सिद्ध होतें कीं, ही कल्पना त्या काळच्या श्रोत्यांच्या परिचयाची होती. अपरिचित गोष्टीचा दृष्टांत कोणी देत नाहीं. पण परिचित असणें निराळें आणि घडलेलें असणें निराळें. वेदान्तग्रंथांत वंध्यापुत्राचा दृष्टांत आहे, शशशृंगाचा आहे, खपुष्पाचाहि आहे. तेवढ्यावरून सशाचें शिंग शोधण्यास रानांत कोणी गेल्याचें ऐकिवांत नाहीं.

पुढें चौदाव्या शतकाच्या मध्यास एका प्रवाशानें हा खेळ प्रत्यक्ष पाहिल्याचें लिहून ठेविलें. हा प्रवासी म्हणजे मोरोक्कोंतील तांजीरचा इब्न बतूता. दिल्लीस महंमद तुघलकाच्या दरबारीं तो कित्येक वर्षें राहिला होता, तरी या खेळाची हकीकत तो हिंदुस्थानची म्हणून देत नाहीं, चीनची म्हणून देतो! हांगचौ शहरीं तेथील अमीरानें दिलेल्या मेजवानीच्या वेळीं एका खेळाडूनें लांब वाद्या ओंवलेला लांकडी गोळा आकाशांत फेंकला, तो दिसेनासा झाला, आणि वादी धरून पोऱ्या वर चढला. पुढला भाग वर सांगितल्याप्रमाणेंच: तीन हांका, सुरी, एकेक पडणारे अवयव, आणि शेवटीं ते अवयव जुळवून लाथ मारतांच उठून उभा राहिलेला पोऱ्या. इब्न बतूतास हें पाहून छातींत धडधडूं लागलें व त्यास औषध द्यावें लागलें. तेव्हां शेजारीं बसलेल्या काझीनें त्याची समजूत घातली कीं, येथें कोणी चढलें नाहीं, कोणी उतरलें नाहीं, कोणाचा अवयव तुटला नाहीं. ही सर्व जादूगिरी आहे. शंकराचार्य आणि हा काझी यांचा देश, काळ व धर्म सर्वस्वी भिन्न. परंतु निर्णय एकच. इब्न बतूतानें आपला प्रवास घरीं परतल्यावर बऱ्याच वर्षांनीं दुसऱ्याकडून लिहवून घेतला, ही गोष्टहि वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा उपयोग पुढें होणार आहे.

चीनमध्यें ही कथा खोल रुजलेली दिसते. सतराव्या शतकांतील प्रसिद्ध कथालेखक पू सुंगलिंग यानें आपण तरुणपणीं वसंतोत्सवांत पाहिलेला खेळ म्हणून अशीच एक हकीकत दिली आहे. तींत पोऱ्या दोरीवरून स्वर्गांतील पीच फळें चोरण्यास जातो, त्याचे तुकडे खालीं पडतात, शोकाकुल बाप ते पेटींत भरून प्रेक्षकांकडून अंत्यविधीसाठीं पैसे गोळा करतो, आणि पैसे पुरेसे जमल्यावर पोऱ्या पेटींतून बाहेर येऊन नमस्कार करतो. त्याच शतकांत एडवर्ड मेल्टन नांवाच्या प्रवाशानें बताव्हिया येथें असा खेळ पाहिल्याचें लिहिलें आहे. पण ते खेळाडूहि चिनीच. हिंदुस्थानाकडे बोट दाखविणारा आधार म्हणजे जहांगीर बादशहाच्या आठवणी. बंगालच्या बाजीगरांनीं आकाशांत साखळी फेंकली व तिच्यावरून कुत्रा, डुक्कर, वाघ, सिंह असे प्राणी चढून नाहींसे झाले, असें तींत म्हटलें आहे. परंतु हा मजकूर मेजर प्राइसनें १८२९ सालीं इंग्रजींत आणलेल्या ज्या पाठांत आहे, तो पाठ अस्सल नव्हे असें संशोधकांचें मत आहे. सारांश, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ही गोष्ट आशियाखंडांत निरनिराळ्या ठिकाणीं विखुरलेली होती. ती खास हिंदुस्थानची म्हणून कोणी मानीत नव्हतें. हेन्री यूल यानें १८७१ सालीं मार्को पोलोच्या प्रवासवर्णनावर टीपा लिहितांना या हकीकती एकत्र केल्या, आणि युरोपांतील विद्वानांच्या हातीं ती सामग्री आयती पडली.

तिला हिंदुस्थानचा शिक्का बसला तो मात्र हिंदुस्थानांत नव्हे, अमेरिकेंत. ८ ऑगस्ट १८९० रोजीं 'शिकागो ट्रिब्यून' या दैनिकांत एक हकीकत प्रसिद्ध झाली. येल विद्यापीठाचे दोन पदवीधर हिंदुस्थानांत गेले होते. त्यांतील एक चित्रकार होता व दुसऱ्याजवळ कॅमेरा होता. एका फकिरानें त्यांच्यासमोर सुताचा गुंडा वर फेंकला, एक मुलगा त्यावरून चढला आणि तीसचाळीस फुटांवर दिसेनासा झाला. चित्रकारानें पाहिलें तें काढलें; त्याच्या मित्रानें फोटो घेतले. पुढें फोटो धुऊन पाहतात तों त्यांत ना सूत, ना मुलगा. फकीर मात्र जमिनीवर स्वस्थ बसलेला! यावरून लेखानें निष्कर्ष काढला कीं, फकीर सर्व जमावास मोहनिद्रा घालतो.

हकीकत अशी बेमालूम रचली होती कीं ती निरनिराळ्या वृत्तपत्रांनीं उचलली व युरोपांतील अनेक भाषांत तिचीं भाषांतरें झालीं. सुमारें चार महिन्यांनीं त्याच पत्रानें खुलासा केला कीं, हा लेख केवळ एक तर्क मनोरंजक रीतीनें मांडण्यासाठीं लिहिला होता. ते प्रवासी व तो प्रवास हीं सारीं काल्पनिक. लेखांतील फोटो घेणाऱ्याचें आडनांव एल्मोर असें होतें व त्याच्या आरंभीं 'एस्' हें आद्याक्षर होतें. दोन्ही जलद उच्चारलीं असतां इंग्रजींत 'अधिक खपवा' असा अर्थ निघतो. एवढा उघड इशारा असूनहि कोणाला संशय आला नाहीं. लेखक जॉन एल्बर्ट विल्की हा पुढें १८९८ सालीं अमेरिकेच्या गुप्त पोलीसखात्याचा मुख्य झाला. मूळ लेख लाखोंनीं वाचला. खुलासा फार थोड्यांनीं. वृत्तपत्रांच्या इतिहासांत असें पुष्कळदां घडतें, पण एका कपोलकल्पित लेखानें एका देशाच्या नांवावर एक चमत्कार कायमचा लावून दिल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

खुलाशाकडे लक्ष कां गेलें नाहीं? कारण लोकांना गोष्ट हवी होती. त्या सुमारास युरोप-अमेरिकेंत मोहनिद्रेची चर्चा जोरांत होती. थिऑसॉफिकल सोसायटीची स्थापना १८७५ सालीं न्यूयॉर्कमध्यें होऊन पुढें तिचें मुख्य ठाणें मद्रासजवळ अड्यार येथें आलें होतें, व पूर्वेकडील सिद्धपुरुषांच्या कथा घरोघर पोंचल्या होत्या. पाश्चात्य मनुष्यास आपल्या घरीं यंत्र आणि विज्ञान हवें होतें, आणि दूर कोठेंतरी गूढ व अतर्क्य असेंहि कांहीं हवें होतें. तें त्यानें आपल्या देशांत ठेवून दिलें. यांत दोन हेतु साधत. एक, कल्पनेची भूक भागे; आणि दुसरें, जे लोक अद्याप जादूटोण्यांत बुडालेले आहेत त्यांच्यावर राज्य करणें हें कर्तव्यच आहे असें मनाचें समाधानहि होई. आपल्यांतील कांहींनीं या गोष्टीचा आनंदानें स्वीकार केला; कारण पराधीन स्थितींत आपल्याजवळ असें कांहींतरी आहे जें साहेबालाहि उलगडत नाहीं, हा विचार सुखकर होता. चमत्काराच्या या मानांत अपमान दडलेला आहे हें फार थोड्यांच्या ध्यानांत आलें.

गोष्ट पसरतांच साक्षीदार निघूं लागले. आपण दहा, वीस, तीस वर्षांपूर्वीं हिंदुस्थानांत असतांना हा खेळ पाहिला होता असें निवृत्त अधिकारी व त्यांच्या स्त्रिया वृत्तपत्रांस कळवूं लागल्या. यांपैकीं एक साक्ष आपल्या अगदीं दारची आहे. व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेले लेफ्टनंट होम्स हे १९१७ सालीं पुण्याजवळ खडकीस असतांना त्यांनीं एका म्हाताऱ्याचा व त्याच्या पोऱ्याचा खेळ पाहून त्याचा फोटो घेतला, आणि तो १९१९ सालीं लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकांत दोरीच्या खेळाचा पुरावा म्हणून छापला गेला. फोटोंत पोऱ्या खरोखरच उंच टोंकावर दिसतो. पण बारकाईनें पाहणाऱ्या जादूगारांच्या लक्षांत आलें कीं, पोऱ्याच्या खालीं आहे ती दोरी नसून ताठ बांबू आहे.

वाचकांपैकीं ज्यांनीं डोंबाऱ्याचा खेळ पाहिला असेल त्यांस अधिक सांगणें नको. ढोलकी वाजत असते, डोंबारी कमरेवर बांबू तोलून धरतो, आणि त्याचें मूल त्या बांबूच्या टोंकावर पोट टेकून हातपाय पसरतें. तें मूल अदृश्य होत नाहीं. तें सर्वांना दिसतें, आणि तोल गेला तर पडेल हेंहि सर्वांना दिसतें. खडकीचा तो म्हातारा आपल्या पद्धतीनें एक उत्तम कसरत करून दाखवीत होता. परंतु पाहणाऱ्यानें तिच्या ठिकाणीं जें ऐकिलें होतें तें पाहिलें.

लंडनच्या 'मॅजिक सर्कल' या जादूगारांच्या संस्थेनें १९३४ सालीं या प्रकरणाचा निकाल लावण्याचें ठरविलें. तिच्या चौकशीमंडळाचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल इलियट हे नेत्रवैद्य असून मद्रासेस वैद्यकीय खात्यांत होते. हिंदुस्थानचे हंगामी व्हाइसरॉय झालेले लॉर्ड अँप्टहिल हे या प्रसंगीं झालेल्या सभेचे अध्यक्ष होते. उघड्या जागीं हा खेळ करून दाखविणाऱ्यास पांचशें गिनींचें बक्षीस जाहीर झालें. बक्षीस न्यावयास कोणी पात्र ठरला नाहीं. 'कराची' असें नांव घेतलेला एक जादूगार मात्र पुढें आला, आणि १९३५ च्या आरंभीं इंग्लंडांतील एका शेतांत त्यानें दोरी कांहीं फूट वर उठवून आपल्या मुलास तिच्यावर थोडेंसें चढविलें. मुलगा अदृश्य झाला नाहीं. फेटा बांधून हिंदी नांवानें वावरणारा हा जादूगार आर्थर डार्बी नांवाचा इंग्रज होता. हिंदी खेळाच्या शोधास निघालेल्या लोकांच्या हातीं शेवटीं त्यांचाच एक देशबंधु लागला!

रंगभूमीवर हा खेळ पुष्कळांनीं केला; अमेरिकेच्या थर्स्टननें केला, गोल्डिननें केला. पण रंगभूमीवर पडदा असतो, दिवे असतात, वर छत असतें, खालीं चोरदार असतें, आणि प्रेक्षक एकाच बाजूस बसलेले असतात. तेथें दोरी उभी करणें ही सुताराची व यंत्रज्ञाची कामगिरी होय.

साक्षीदारांचें काय, हा प्रश्न तरीहि उरतो. ते सगळे खोटे बोलत होते असें मानणें अन्यायाचें होईल. या प्रश्नाचें उत्तर रिचर्ड वाइझमन व पीटर लॅमंट या दोघां ब्रिटिश संशोधकांनीं १९९६ सालीं 'नेचर' या शास्त्रीय पत्रांत दिलें. प्रत्यक्ष पाहिल्याच्या ज्या हकीकती उपलब्ध होत्या त्या त्यांनीं गोळा केल्या, आणि खेळ पाहिल्यावर किती वर्षांनीं ती हकीकत सांगितली गेली हें तपासलें. निष्पन्न असें झालें कीं, मध्यें गेलेला काळ जितका अधिक तितका चमत्कार मोठा! थोड्या वर्षांनीं सांगणाऱ्यांच्या हकीकतींत मुलगा नुसता चढतो. अनेक दशकांनीं सांगणाऱ्यांच्या हकीकतींत तो अदृश्य होतो, कापला जातो व पुन्हां जिवंत होतो. बांबूवरची कसरत, टोपलींतून नाहींसा होणारा मुलगा, आणि मागाहून वाचलेली वर्तमानपत्री गोष्ट, यांची स्मरणांत मिसळण होऊन एक नवा खेळ तयार होतो, आणि तो आपण पाहिला अशी मनुष्याची प्रामाणिक खात्री असते. पुढें २००४ सालीं लॅमंटनें या दंतकथेचा संपूर्ण इतिहासच ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. शिकागोच्या लेखकाचें म्हणणें होतें कीं फकीर प्रेक्षकांस मोहनिद्रा घालतो. मोहनिद्रा घातली गेली हें खरें, परंतु ती घालणारा फकीर नव्हता.

आतां ज्याच्या नांवावर हें सर्व चाललें त्या गारुड्याकडे वळूं. त्याचे खरे खेळ काय कमी योग्यतेचे होते? टोपलीचा खेळ घ्या. उघडा चौक, चारी बाजूंस माणसें, वर छत नाहीं, खालीं तळघर नाहीं. लहान तोंडाच्या व फुगीर पोटाच्या टोपलींत मूल शिरतें, तें अंग वेटोळें करून टोपलीच्या पोटाशीं कडेकडेनें चिकटून राहतें, आणि गारुड्याची तलवार मधल्या पोकळींतून आरपार जाते. युक्ति ऐकल्यावर सोपी वाटते. परंतु तलवारीचा प्रत्येक वार व मुलाची प्रत्येक हालचाल यांचा मेळ वर्षानुवर्षांच्या अभ्यासावांचून बसत नाहीं, आणि तो एकदां चुकला तर दुसरी संधि नाहीं. तीन वाट्या व चिंध्यांच्या गोळ्या यांचा खेळ घ्या, कापडाच्या आडोशाखालीं पानें फुटणारी आंब्याची कोय घ्या. केवळ दोन हात, एक झोळी आणि अखंड बोलणारी जीभ एवढ्या सामग्रीवर ही विद्या पिढ्यान् पिढ्या चालली.

या विद्येची खरी पारख इंग्रजांपैकीं एकानें दंतकथा जन्मण्याच्या फार पूर्वीं केली होती. विल्यम हॅझलिट याचा हिंदी खेळाडूंवरील निबंध त्याच्या १८२१ च्या संग्रहांत आहे. लंडनमध्यें एक हिंदी खेळाडू चार पितळी गोळे एकाच वेळीं हवेंत खेळवितो हें पाहून, आपल्या आयुष्यांत आपल्याला इतकें निर्दोष असें कांहीं करतां आलें नाहीं, अशी खंत त्या थोर निबंधकारानें व्यक्त केली. त्यानें दोरी शोधली नाहीं, सिद्धि शोधली नाहीं. हात पाहिले आणि त्यांच्यामागील श्रम पाहिले. त्या काळीं लंडन गाजविणारा रामो सामी, म्हणजे रामस्वामी, हाच तो खेळाडू असावा असें मानतात. हा रामस्वामी १८५० सालीं लंडनमध्येंच वारला, तेव्हां त्याच्या अंत्यविधीचा खर्च भागविण्यास त्याच्या पत्नीला लोकांकडे मदत मागावी लागली. पू सुंगलिंगच्या गोष्टींतला बाप अंत्यविधीसाठीं पैसे मागतो तें सोंग होतें. येथें तें खरें झालें, आणि पेटींतून कोणी उठून बाहेर आलें नाहीं.

स्वदेशांत तरी त्याच्या भाईबंदांची स्थिति काय झाली? इंग्रजी अमलांत १८७१ च्या कायद्यानें अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. तो कायदा रद्द व्हावयास १९५२ साल उजाडलें. त्यानंतर १९५९ सालीं मुंबई राज्यानें भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला, आणि गाणें, नाचणें, भविष्य सांगणें किंवा खेळ करून दाखविणें या निमित्तानें सार्वजनिक जागीं पैसे मागणें म्हणजे भीकच होय असें त्याच्या व्याख्येंत नमूद केलें. हाच कायदा पुढें दिल्लीसहि लागू झाला. त्या दिल्लींत इशामुद्दीन खान या रस्त्यावरील जादूगारानें १९९५ सालीं कुतुबमिनाराजवळ उघड्या जागीं टोपलींतून दोरी वर उठविली आणि एक मूल तिच्यावर चढविलें. मूल अदृश्य झालें नाहीं, तुकडे पडले नाहींत. पण मंडळीनें जें मागितलें होतें त्याच्या अगदीं जवळ तो पोंचला. जो खेळ आपल्या देशाची कीर्ति म्हणून आपण जगास सांगत होतों, तो करणाऱ्या मनुष्यानें रस्त्यावर पैसे मागितले तर कायद्याच्या दृष्टीनें तो भिकारी! दिल्ली उच्च न्यायालयानें २०१८ सालीं या कायद्यांतील अनेक कलमें दिल्लीपुरतीं घटनाबाह्य ठरविलीं, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट.

शेवटीं पुन्हां आचार्यांच्या दृष्टांताकडे येऊं. सूत्रावर चढतो, लढतो व पडतो तो खरा नव्हे. खरा मायावी जमिनीवर उभा असून कोणाला दिसत नाहीं. हा दृष्टांत परमार्थासाठीं दिलेला आहे, आणि त्याला व्यवहारांत ओढणें कदाचित् पंडितांस रुचणार नाहीं. तथापि या खेळाचा सगळा इतिहास वाचून झाल्यावर आम्हांस त्याहून यथार्थ असें दुसरें कांहीं सुचत नाहीं. सव्वाशें वर्षांहून अधिक काळ जगानें आणि आपणहि मान वर करून आकाशांतील दोरी पाहिली. ती तेथें नव्हती. खालीं, आपल्या पायांशीं, डुगडुगी वाजवीत उभा होता तो गारुडी मात्र खरा होता, त्याचें कसब खरें होतें आणि त्याच्या मुलाची भूक खरी होती. तोच तेवढा आपल्या दृष्टीस पडला नाहीं.